हिरव्या शाईच्या चिठ्ठ्या

पाहुण्या बाईंनी व्याख्यान संपवून श्रोत्यांच्या प्रश्नांची पेटी उघडली आणि पहिलीच चिठ्ठी हिरव्या शाईची निघाली, तेव्हा वाचनगटाचे संयोजक मागच्या रांगेत खुर्च्या सरळ करत होते.

"न्याय म्हणजे काय, ते तासभर सांगितलंत," बाईंनी वाचलं. "पण ज्याच्यावर अन्याय झालाय, त्याने तुमच्याकडे कशाला यावं, ते राहिलंच."

सभागृहात खसखस पिकली. बाई मात्र हसल्या नाहीत. चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती पर्समध्ये टाकली, दर वेळसारखी. संयोजकांना अगदी गार वाटलं.

अकरा वर्षं तत्त्वज्ञान विभागाचा हा गट त्यांनी चालवला होता. खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, सात-आठ टाळकी जमली तरी गोड मानून घेतलं. आणि ही बाई वर्षभरासाठी येते काय, नीती न् राज्यावर बोलते काय, पोरं खिडकीत बसून ऐकतात काय! माणसाने जळू नये तर काय करावं?

विभागाची एक रीत होती. जाताना पाहुण्याने विभागातल्याच एकाचं नाव घ्यायचं आणि पुढच्या वर्षीची व्याख्यानमाला त्याने गुंफायची. अकरा पाहुणे आले न् गेले. संयोजकांचं नाव एकानेही घेतलं नव्हतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आडवे येतील असे एकच होते, शेजारच्या टेबलावरचे तर्कशास्त्रवाले. सरळ माणूस. हिरव्या शाईने लिहायचे, आणि अक्षरांवर रेघ म्हणून द्यायचे नाहीत. फळ्यावरच्या सूचना तेच लावत, त्यामुळे ते अक्षर शिपायापासून बाईंपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं.

पेटीतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, हा गटाचा नियम. संयोजकांनी हिरवं पेन आणलं आणि रविवारी दार लावून बिनरेघेची अक्षरं गिरवली. बायकोने विचारलं, तेव्हा हात कापतो म्हणून सराव करतोय, असं सांगितलं. मग प्रत्येक व्याख्यानाआधी बाईंचे लेख तीन-तीनदा वाचून ते नेमकं दुखेल तिथेच बोट ठेवायला लागले. बाई दुखावतील, तर्कशास्त्रवाल्यांचा पत्ता कटेल, मग उरलं कोण? कुणी विचारलंच, तर खेदाने मान हलवून म्हणायचं एक वाक्यही त्यांनी घोकून ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी बाईंनी पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठाच काढला. संयोजकांनी सदरा नीट केला.

"या मला फार लागल्या," बाई म्हणाल्या. "पहिल्या दोन तर फाडणार होते. मग यांच्यामुळे मी व्याख्यानं बदलत गेले. इतकं मन लावून मला आजवर कुणी वाचलेलं नाही. पुढची माला यांनीच गुंफावी." आणि त्यांनी तर्कशास्त्रवाल्यांकडे हात केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. संयोजकांनीही दोन टाळ्या वाजवल्या.

तर्कशास्त्रवाले गोंधळून उठले. त्यांनी गठ्ठा घेतला, एकेक चिठ्ठी सावकाश पाहिली.

"बाई, अक्षर माझ्यासारखंच आहे," ते म्हणाले, "पण प्रश्न माझे नाहीत. इतकं मला सुचत नाही. ज्याचे असतील त्याने हात वर करावा. मान त्याचा."

संयोजकांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. अकरा वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते समोर ठेवलेलं होतं, आणि नुसता हात वर करायचा होता.

"म्हणजे यांचं अक्षर कुणीतरी गिरवलं?" विभागप्रमुखांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "हा काय प्रकार आहे?"

हात पुन्हा गुडघ्यावर आला.

बाई मागच्या रांगेकडे वळल्या. "सर, पेटी तुमच्याकडे असते. तुम्हीच सांगा, हे अक्षर कुणाचं?"

संयोजक उठले. त्यांनी खेदाने मान हलवली.

"मला सांगायला आवडत नाही," ते म्हणाले, "पण अक्षर त्यांचंच आहे."