रेडिएशनचं काम

"पोरीनं रेडिएशनचं काम सोडावं, मग पुढचं बोलू," नवऱ्या मुलाचे वडील नानासो टेकल्या टेकल्याच म्हणाले.

सुपारी फोडायला शिराळ्याहून औंधला मुलीच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी अजून पाणीही घेतलं नव्हतं. मानसिंगरावांना काही उमगेना. आपली शिवांजली पुण्यात कृष्णविवरांवर काहीतरी शोधते, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी होणाऱ्या जावयाकडं, विश्वजीतकडं पाहिलं.

"उद्या पोरंबाळं व्हायची हायती," नानासो म्हणाले. "त्यास्नी बाधतं म्हणं ते."

शिवांजली आतून आली. "काका, ते किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. वर उपग्रह टिपतो. मी नुसते आलेख बघते."

"मग येत्यात कुठनं?"

"लय लांब कृष्णविवर असतं. त्याच्या ओढीनं आसपासचे अणू आत पडायला लागतात. पडताना एकमेकांवर आदळतात, तापतात. त्यातनं निघतात हे किरण."

नानासोंनी मानसिंगरावांकडं पाहिलं. मानसिंगरावांनी विश्वजीतकडं. कुणालाच धड कळलं नव्हतं.

विश्वजीतची आई राहीबाई आल्यापासून गप्प होती. तिनं हळूच विचारलं, "आन आत पडल्यावर गं?"

"मग काही नाही, मावशी. एकदा आत गेलं की बाहेर काही येत नाही. जे दिसतं ते पडायच्या आधीचंच."

राहीबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "हिनं काम सोडायचं न्हाई. सोडणार असंल तर मला ही सून नगं."

नानासो बघतच राहिले. "अगं, काम सोडायचं तूच म्हणत हुतीस की. सगळ्या वाटंनं."

"आता न्हाई म्हणत."

आपलं म्हणणं मावशींना पटलं, की त्यांनी भलतंच काही ऐकलं, शिवांजलीला कळेना. नानासोंनी आता कुठं पाण्याचा तांब्या उचलला. मग "तारीख बघा," एवढंच मानसिंगरावांना म्हणाले.

"झालं तरी काय, आई?" विश्वजीतनं विचारलं.

"कुठं काय. लगनाआदी मी भजनात पेटी वाजवायची. लोकं मुद्दाम ऐकाय यायची."

विश्वजीतच्या घरात पेटी कधीच नव्हती.