तीन बालवाड्यांचे गुण

"ही नको," पहिल्या बालवाडीच्या फाटकातून बाहेर पडता पडता आजी म्हणाली. "पायऱ्या बघितल्यास? पडलं-बिडलं कुणी म्हणजे?"

"पाचच आहेत, आई," सून म्हणाली.

"पाच म्हणजे काय थोड्या झाल्या?"

नात टिल्लीनं आईच्या हातातली वही ओढून घेतली आणि दहापैकी सहा गुण मांडले. "मला आवडली होती," पुढचे दोन दात पडलेल्या तोंडानं ती म्हणाली. "झोका होता तिथं."

सोमवारपासून सून कामावर रुजू होणार होती. तिचा नवरा तर सकाळी सातलाच बाहेर पडायचा. आठ महिन्यांपूर्वी आजोबा गेले आणि घर गप्प झालं. तशा घरात दिवसभर एकटं कुणाला ठेवायचं नाही, हे नवरा-बायकोनं ठरवून टाकलं होतं. भागात सरकारी बालवाड्या तीन. तिन्ही बघायच्या, एक निवडायची आणि आजच्या आज फॉर्म द्यायचा. आजीचं मात्र सकाळपासून एकच पालुपद चाललं होतं: "घरी काय वाईट आहे?"

दुसरी बालवाडी अगदी चकचकीत. बाईंनी खेळणी दाखवली, नळ दाखवले. दाराजवळचा फळा टिल्लीनं मोठ्यानं वाचला. "बाई एक. मदतनीस एक. गोष्टीची आजी..." पुढं कोरं होतं.

"जागा रिकामी आहे," बाई ओशाळून म्हणाल्या. "तिन्हीकडे तीच रड."

"पोरं हूं की चूं करत नाहीत," बाहेर येताच आजी म्हणाली. "मला नाही पटलं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," सून पुटपुटली. आजीला ऐकू आलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

तिसरीत नुसता कल्ला. भिंतीचा रंग उडालेला, एक खिडकी बंदच होत नव्हती आणि कोपऱ्यात एक एवढंसं पोर भोकाड पसरून बसलेलं. बाई बिचाऱ्या दुसऱ्या दोघांची मारामारी सोडवत होत्या.

"पहिले दोन दिवस जड जातात," बाई सुनेला म्हणाल्या. "मग रुळायला होतं. दोनला सुटी. मध्ये थकवा आला तर आडवं पडायला चटई आहे."

"कुणी रागावणार नाही ना?" सुनेनं हळूच विचारलं. "एकदा मन मोडलं, की पुन्हा यायचं नाव घेतलं जाणार नाही."

"छे हो! इथं पोरांचंच राज्य."

सुनेनं वळून पाहिलं. आजी कोपऱ्यात फतकल मारून बसली होती. रडकं पोर तिच्या मांडीवर बसून तिचा चष्मा ओढत होतं. "मग उंदीर म्हणाला, मी नाही जात जा!" असं म्हणून आजी चक्क हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

टिल्लीनं वहीत दहापैकी दहा दिले.

सोमवारी सकाळी सुनेनं पिशवीतला डबा आणि पाण्याची बाटली पुन्हा एकदा चाचपली. "सगळं खायचं हं. तसंच परत आणायचं नाही." आत बाई खडू घेऊन फळ्याशी उभ्या होत्या आणि 'गोष्टीची आजी'पुढची कोरी ओळ भरत होत्या.

टिल्लीनं पाठीवरचं दप्तर सावरलं आणि घट्ट धरलेला हात सोडवून घेतला.

"आजी, रडायचं नाही हं. माझी शाळा सुटली, की मी तुला न्यायला येते."