धडाम पोरगी

उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर हेमांगी तीन दिवस बहिणीचा चेहरा रंगवत होती. प्रणोती याच पुलाच्या उतारावर स्केटबोर्डवरून पडली आणि गेली. बोर्डमध्ये कॅमेरा होता. कोणाचं पडणं विनोदी आहे हे बोर्ड स्वतःच ठरवायचा आणि इंटरनेटवर क्लिप टाकायचा. त्याने आधी प्रणोतीची क्लिप टाकली, मग रुग्णवाहिका बोलावली. मधे चार मिनिटं गेली. आठवडाभरात ती देशभर ‘धडाम पोरगी’ झाली.

हेमांगीने कंपनीला फोन केला तेव्हा यंत्राचा आवाज फार मायाळू होता. “ताई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण पडण्याचे हक्क ग्राहकाने खरेदी करतानाच आम्हाला दिलेले असतात.”

म्हणून तिने ही भिंत रंगवायला घेतली. इथे तरी प्रणोती लोकांना नीट दिसेल, असं तिला वाटलं.

चौथ्या सकाळी डोळे रंगवून झाले. शाळेला निघालेल्या दोन मुली थांबल्या.

“अय्या, धडाम पोरगी!” म्हणत एकीने हात पसरून पडायची नक्कल केली.

“ती माझी बहीण होती गं. त्यातच गेली ती,” हेमांगी म्हणाली.

पहिलीने पसरलेले हात खाली घेतले. मग दुसरीने हळूच विचारलं, “म्हणजे ती खरी होती?”

दुपारपर्यंत भिंतीसमोर फोटोसाठी रांग लागली. जो तो हात पसरून पडत होता, हसत होता. संध्याकाळी हेमांगीने बादली आणली आणि बहिणीच्या चेहऱ्यावर स्वतःच पांढऱ्या रंगाचा हात मारला.