बाबुरावांची नजर

"ह्या उजेडात काही कळायचं नाही," बाबुराव म्हणाले आणि काउंटरवरच्या तिन्ही बाटल्या उचलून मॉलच्या काचेच्या दाराकडे चालू लागले.

"अहो काका! टेस्टर बाहेर न्यायचे नसतात," काउंटरवरची मुलगी ओरडत मागे धावली.

"दारापर्यंतच नेतोय. पळून जायचं वय नाही माझं."

सृष्टी, त्यांची धाकटी, मुकाट्याने मागोमाग गेली. फाउंडेशन तिला घ्यायचं होतं आणि शेड निवडायला तिने वडिलांना आणलं होतं. आईला नाही, मोठ्या बहिणीला, रुपालीलाही नाही. "अख्ख्या मार्केट यार्डात तुमच्यासारखी रंगाची नजर कुणाची नाही. तुम्हीच निवडा," असं ती सकाळी म्हणाली, तेव्हा बाबुरावांचा निम्मा चहा बशीऐवजी पेपरवर सांडला होता.

बत्तीस वर्षं ते गुळाच्या आडतीवर होते. ढेप फोडायची, खडा दारात उजेडाला धरायचा आणि एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असं सांगून मोकळं व्हायचं. पिवळाधमक तो एक नंबर, काळपट तो तीन. ते पिवळेपण बऱ्याचदा पावडर टाकून आणलेलं असतं, हे विकणाऱ्यालाही माहीत होतं आणि घेणाऱ्यालाही. भाव मात्र त्यालाच. बाबुरावांनी नंबर सांगितला की कुणी हुज्जत घालत नसे, कारण त्यांनी तो कधी खोटा सांगितला नव्हता.

ह्या नंबरांनीच एकदा घात केला. रुपालीला बघायला पाहुणे आले होते. बारा वर्षांची सृष्टी पोह्यांच्या बशा देत होती. "ही धाकटी का?" कुणीतरी विचारलं. "हो," बाबुराव म्हणाले, "मोठी एक नंबर. ही तीन नंबर, घरच्या वापरासाठी ठेवलीय." पाहुणे खो खो हसले. बाबुरावही हसले. सृष्टीने हातातली बशी टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली.

त्यानंतर ती पाहुण्यांसमोर कधी आली नाही. शाळा सुटल्यावर गुळाचा खडा खायला आडतीवर यायची, तेही थांबलं. पुढे ती इंजिनिअर झाली, खराडीच्या कंपनीत लागली, पहिल्या पगारात वडिलांना घड्याळ घेऊन आली. सगळं रीतसर. पण गप्पा संपल्या त्या संपल्याच. आपलं चुकलं, हे बाबुरावांना त्याच दिवशी कळलं होतं. चौदा वर्षं 'चुकलं' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत यायचा आणि परत जायचा. बापाने लेकीची माफी कशी मागायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यात आता हा तेजस. तिच्या ऑफिसातला मुलगा. लग्न केलं तर त्याच्याशीच, एवढं तिने आईला सांगून टाकलं होतं. घरात कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. "चहाला कधी आणतेस?" असं विचारलं की सृष्टी म्हणायची, "बघू." सहा महिने बाबुराव त्या 'बघू'वर दिवस काढत होते. आज तिने आपणहून खरेदीला नेलं, म्हणजे आता ती त्याला घरी आणणार, असं त्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं. फक्त आज काही वेडंवाकडं बोलून जायला नको.

दारात ऊन स्वच्छ होतं. सृष्टीने तिन्ही बाटल्यांतला एकेक थेंब घेऊन जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढले आणि चेहरा उजेडाकडे वळवला. इतक्या जवळून लेकीचा चेहरा बाबुराव कितीतरी वर्षांनी पाहत होते. भुवईपाशी कांजिण्यांची खूण होती. ती अजून आहे, हेही ते विसरून गेले होते.

निवडायला त्यांना क्षणही लागला नाही. पहिला पट्टा पिठासारखा वर बसला होता. दुसरा राखाडी दिसत होता. तिसरा दिसतच नव्हता, तो कातडीत मिसळून गेला होता.

"सांगा बाबा. कितवी?"

तिसरी, असं त्यांच्या जिभेवर आलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. पुन्हा तीन? पुन्हा ह्याच तोंडाने?

"पहिली," ते म्हणाले. "एकदम एक नंबर."

"काका, ती फार फिकी पडेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तोंड एकीचं आणि मान दुसरीची वाटेल."

"तुम्ही विकायचं काम करा. निवडायचं आम्ही बघतो." बाबुरावांचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नंबर खोटा सांगितला होता, आणि तरी त्यांना हलकं वाटत होतं. चौदा वर्षांनी का होईना, लेकीला एक नंबर म्हणून झालं होतं.

सृष्टीने टिश्यूने जबडा पुसला, तिन्ही बाटल्या त्या मुलीच्या हातात परत दिल्या आणि "सॉरी, काही नकोय" म्हणाली. मग पर्स उघडून तिने एक बाटली वडिलांपुढे धरली. तिसरीच शेड, निम्मी संपलेली.

"दोन वर्षं हीच लावतेय मी."

बाबुरावांनी बाटली हातात घेऊन उजेडाला धरली. "मग मला कशाला आणलंस?"

"तेजस माझ्याहून सावळा आहे, बाबा. त्याला आपल्या घरी आणायचं की नाही, ते आज ठरवायचं होतं."