ठमाबाईचा पाट

ठमाबाई गेल्याचं मुलानं, मनोजनं, दवाखान्यातून फोन करून सांगितलं, तेव्हा गोटीराम मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडत होता. "बरं," एवढंच तो म्हणाला. फोन खिशात घातला आणि हातातली ओळ शेवटपर्यंत तोडली. मग भरलेली पाटी शेडमध्ये नेऊन बायकोच्या पाटाशेजारी ठेवली. रोज तिथंच ठेवायचा. दुसरी जागा त्याला सुचली नाही.

त्याला दोन महिने झाले. आज त्या पाटासमोर तेजल उकिडवी बसली होती. त्याच्या चुलत भावाची नात, नाशकात डिझाइन शिकणारी. उद्या, शनिवारी, तिच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. लोकांनी घरच्या घरी, स्वतःच्या गरजेपोटी केलेल्या वस्तूंचं. मनमाडच्या एका रिटायर झालेल्या गँगमननं रुळाच्या खिळ्यांचा अडकित्ता केला होता, तो तिनं आणला होता. इगतपुरीच्या एका बाईनं खताच्या गोणीचं, पावसात दोन्ही हात मोकळे ठेवणारं इरलं शिवलं होतं, तेही आणलं होतं. आता हा पाट.

साधा बसायचा पाट. त्यात सायकलच्या चाकाची एक तार उभी खोचलेली, टोक घासून सुईसारखं केलेलं, खालच्या टोकाला दोरा बांधलेला. शेजारी तेलाचा डबा कापून केलेली उतरती पन्हळ. पन्हळीत फुलं ओतली की घरंगळत येऊन तोंडाशी एकेक थांबायची. उचलायचं, तारेत दाबायचं. तार भरली की वर उपसायची. वीस फुलं एकदम दोऱ्यावर.

"नाना, कुणाकडून करून घेतलं हे?" तेजलनं विचारलं.

"कुणाकडून नाय. तिनंच केलं. सायकल तेवढी माझी होती."

"मग दाखवा चालवून. व्हिडिओ घेते. चालत नसेल तर सर ते शोभेचं म्हणून कोपऱ्यात ठेवतील."

गोटीराम पाटाशी बसला. तीस वर्षं तो आल्यागेल्याला सांगत आला होता, आमच्या बाईनं यंत्र केलंय, पण उलटं. लोक हसायचे. ठमाबाईही हसायची. आता ते यंत्र एकदा तरी कुणासमोर नीट चालावं, असं त्याला फार वाटत होतं.

त्यानं फूल उचललं. पन्हळीचं तोंड तारेच्या डाव्या अंगाला. उजवा हात तारेवरून पलीकडं न्यावा लागला आणि टोक मनगटाला लागलं. दुसऱ्या फुलालाही लागलं. तिसरं फूल हातातून सुटून खाली पडलं.

"बघ," तो मनगट चोळत म्हणाला. "उलटंच हाय."

"मी बसू का?"

तेजल बसली. तिनं काही विचार केला नाही. डाव्या हातानंच ती लिहायची, डाव्या हातानंच जेवायची, आणि घरात तिला कुणी काही म्हणत नव्हतं. उजव्या हातानं तिनं पाट धरला आणि डावा हात फुलाकडं गेला. फूल, तार. फूल, तार. कुठं अडलं नाही, कुठं टोचलं नाही. शेडच्या हिरव्या जाळीतून उजेड खाली उतरत होता. त्या उजेडात तो हात नुसता येत होता, जात होता. बघता बघता गोटीरामाला वाटलं, आता ही मान न वळवता म्हणेल, अहो, तांब्याभर पाणी आणा. तो उठायलाही लागला.

"आजी डावखुऱ्या होत्या ना?" तेजल म्हणाली.

तो पुन्हा बसला. "लगीन झालं तवा होती. माझ्या आईनं मोडली तिची सवय. देवाची माळ डाव्या हातानं ओवायची नाय म्हणून लय मारायची हातावर."

"मोडली नव्हती, नाना."

गोटीरामानं पाटासमोरच्या भिंतीकडं बघितलं. म्हणाला, "ती कायम दाराकडं पाठ करून बसायची. दारातनं वारा येतो, फुलं उडत्यात म्हणायची."

"झेंडू उडतो?"

गोटीरामाची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यानंतर घरात ठमाबाईला टोकणारं कुणी उरलं नव्हतं. हसणारा तेवढा तो स्वतः होता.

तेजलनं तार उपसली. माळ पुरी पिवळीधमक तिच्या मांडीवर उतरली. मग तिनं पिशवीतून प्रदर्शनाचा कागद काढला. कुणी केली, यापुढं ठमाबाईचं पूर्ण नाव लिहिलं. कशापासून केली, ते लिहिलं. कशी वापरायची, इथं तिनं मान वर केली.

"डाव्या हातानं," गोटीराम म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिही. लांबून वाचता आलं पायजे."

तिनं लिहिलं. "आणि वस्तूचं नाव? आजी काय म्हणायच्या हिला?"

तो आठवत बसला. अमुक आणा, तमुक द्या, असं तिनं या पाटाबद्दल कधी कुणाला म्हटलंच नव्हतं. स्वतः काढायची, स्वतः ठेवायची. तो त्याला जे म्हणायचा ते सगळ्या मळ्याला माहीत होतं. ते त्यानं सांगितलं नाही.

"मी काहीतरी लिहू का?"

"नको. थांब जरा."

तेजल पेन धरून थांबली. बाहेर फुलांचा टेम्पो आला, पाट्या चढवून निघूनही गेला. नावाची ओळ अजून लिहायची होती.