कातडीची बाजू खाली

“तुकडे नीट कोरडे केलेत ना?” फोनवरून बायकोने विचारलं.

“केले,” घड्याळजी म्हणाला. दुकानातला बारीक चिमटा आणून त्याने माशातले काटेही उपटले होते. फोन स्पीकरवर, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. तो वाजला तेव्हा हात ओले होते, म्हणून त्याने कोपरानेच घेतला. नंबर बघायची गरज नव्हती. सव्वीस वर्षांचा आवाज.

तीन आठवड्यांपूर्वी ती भावाकडे निघून गेली होती. काल निरोप आला: उद्या दुपारी येते. धड जेवू घातलंत तर राहीन, नाहीतर उरलेले कपडे घेऊन जाईन.

“तेल तापलं. आता कातडीची बाजू खाली. उलथण्याने दाबून धरा, नाहीतर आखडतो.”

त्याने दाबून धरलं. तुकडा खालून थोडा वर रेटत होता. मग सैलावला.

“आता हात लावायचा नाही. शिजला की आपोआप सुटतो. आणि तो निळा पंचा नका घेऊ, भांडी पुसायचा आहे.”

पंच्याकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. “तुला दिसतंय की काय?”

“सव्वीस वर्षांनी दिसायला कशाला हवं?” ती हसली. छान हसली.

घड्याळजीला भरून आलं. बारा मिनिटं झाली होती आणि तिने अजून त्याच्या आईचा उद्धार केला नव्हता. मिनिटं त्याने मोजली होती, धंद्याची सवय. भावाकडची हवा मानवली म्हणायची.

“मी चुकलोच जरा,” तो पॅनकडे बघत म्हणाला.

“जाऊ द्या हो. माझंच चुकलं.”

हे ऐकून त्याने गॅस बारीक केला. असं वाक्य या घरात पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं.

तेवढ्यात बेल वाजली. हात पुसत तो दाराशी गेला.

दारात बायको उभी होती. एका हातात रिकामी बॅग, दुसऱ्या हातात फोन.

“जळतंय काय? तुमच्या आईनं निदान गॅस बंद करायला तरी शिकवायचं होतं,” ती म्हणाली आणि एक चप्पल काढली.

ही बायको होती, यात शंका नव्हती.

“तू आत्ता फोनवर...” तो म्हणाला.

“कुठला फोन? सकाळपासून बंद ठेवलाय. वाटेत तुमचं रडगाणं कोण ऐकणार?” तिने फोन त्याच्यापुढे धरला. पडदा काळा होता.

“अहो,” स्वयंपाकघरातून आवाज आला, “कोण आलंय?”

बायकोने तो आवाज ऐकला. आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यावर माणूस काय करतो, हे ठरलेलं नाही. तिने काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

“थांब,” घड्याळजी म्हणाला. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“असू दे. तुम्ही बोला दारात,” आतून उत्तर आलं. “मी तुकडे उलटते.”

आणि पॅनमध्ये चर्र झालं. मग, बरोबर चार सेकंदांनी, दुसरा तुकडा.