भांड्याची भिंत

सरांनी बाक बाजूला सारले आणि फरशीवर खडूने मोठा चौकोन आखला. "हे भांडं, तुम्ही कण. चला, स्थायू व्हा! घट्ट चिकटा, कुणी कुणाचा हात सोडायचा नाही."

गटारं उपसणाऱ्याच्या मुलीने दोन्ही हात पुढे केले. एका बाजूच्या मुलाने हात खिशात घातले, दुसऱ्या बाजूच्या मुलीने पाठीमागे नेले. सरांनी ते पाहिलं, घसा खाकरला आणि तोडगा काढला. "बाळा, तू असं कर, भांड्याची भिंत हो. फार महत्त्वाचं काम आहे!"

ती खुशीत रेघेवर जाऊन हात पसरून उभी राहिली.

"आता द्रव!" पोरं अंगाला अंग घासत सरकू लागली.

"आता वायू! सुटा! वायूचे कण सैरावैरा धावतात आणि भिंतीवर सारखे आपटतात."

एकच धुडगूस सुरू झाला. पोरं एकमेकांवर आदळली, बाकांवर आदळली, एक तर थेट सरांच्या पोटावर आदळला.

भिंत डोळे गच्च मिटून, पाय रोवून, धक्का बसायची वाट पाहत होती.

घंटा झाली, तरी पाहतच होती.